चुकुम म्हणजे रंगवलेलं सिमेंट? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचे आक्षेप दोन. मेक्सिकोच्या युकातानमधल्या मेरिदा शहराच्या नव्या घरांत ‘माया’ हा शब्द, म्हणजे तिथल्या प्राचीन माया संस्कृतीचा वारसा, जाहिरातीपुरता उरलाय, आणि चुकुमचा गिलावा म्हणजे महागडं रंगीत सिमेंट, दोन पावसाळ्यांत काळं पडणारं.

पहिलं बऱ्याच घरांबाबत मान्य. दर्शनी भिंतीला त्रिकोणी कमान चिकटवून घर माया होत नाही. तिथल्या खेड्यातलं अंडाकृती घर पाहा: पुढचं आणि मागचं दार समोरासमोर, वर ताडपानांचं उंच छप्पर. वारा आरपार जातो, तापलेली हवा डोक्यावर चढून बसते. नव्या घरात मागची बाजू न उघडणाऱ्या काचेने बंद केली, तर कमानी कितीही काढा, एसीशिवाय सुटका नाही.

दुसरं मात्र पटत नाही. चुकुम हे झाड आहे. त्याची साल उकळून गडद चहासारखं पाणी काढतात आणि त्यातच पांढरं सिमेंट व चुनखडीची बारीक पूड कालवतात. गुलाबीसर छटा सालीचीच. सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, महत्त्वाचं. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्यात हिरड्याचं पाणी घालत, ते याच प्रकारचं. सिमेंट नंतर आलं, हे खरं. साल्वादोर रेयेस रिओस या मेरिदाच्या वास्तुविशारदाने 1990च्या दशकात जुन्या हासिएन्दांची (जमीनदारी मळ्यांवरच्या वाड्यांची) डागडुजी करताना हे तंत्र पुन्हा वापरात आणलं. त्यामुळे ‘हजारो वर्षांची तीच कृती’ म्हणणाऱ्यांना जरूर टोका.

आता काळे ओघळ. ते बहुतेक वेळा गच्चीच्या कठड्यावरून येतात. माथ्याचा उतार बाहेरच्या बाजूला असला की धूळमिश्रित पाणी भिंतीवरूनच उतरतं आणि त्या ओलीवर शेवाळ धरतं. उतार गच्चीकडे द्या, माथ्याची फरशी पाचेक सेंटिमीटर बाहेर काढा, तिच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच ठेवा. ढगांसारखे फिके-गडद पट्टे दिसत असतील तर कारण वेगळं: सालीचं पाणी दोन घाण्यांचं वापरलं, किंवा एकच भिंत दोन दिवसांत ओढली. अख्ख्या भिंतीचं पाणी आधीच एका पिंपात एकत्र करायचं आणि काम थांबवायचं ते कोपऱ्यावरच. घोटताना लोखंडी थापी जास्त फिरली तरी करडे चट्टे उठतात, तेही पुसून जात नाहीत.

आणि डाग काढायला ॲसिड अजिबात नको. चुनखडीच विरघळते, डाग जाईल, पण घोटलेला थर खरवडून निघेल आणि पुढच्या पावसात तिथेच आधी ओल धरेल.