पैसे येऊन राहिले

नागपुरी मराठीत एक काळ आहे, जो शाळेच्या व्याकरणात शिकवत नाहीत. पुण्याचा माणूस म्हणतो, ‘पैसे येत आहेत.’ आम्ही म्हणतो, ‘पैसे येऊन राहिले.’ बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, पैसे आले आणि मुक्कामाला राहिले. व्याकरणात तो चुकला, पण व्यवहारात त्याचंच बरोबर आहे. नोकरी सुटल्यावर मिळणारा पैसा अगदी असाच येतो. निघतो बिचारा ठीकठाक, आणि वाटेत कुठंतरी राहतो.

म्हणून ज्याला ही वाट पाहायची आहे, त्याने ‘कधी येतील?’ हा प्रश्न विसरावा आणि ‘कुठं राहिले?’ हा धरावा. ‘कधी’चं उत्तर संपूर्ण विदर्भात एकच आहे, ‘होऊन जाईन ना भाऊ!’ ‘कुठं’चं उत्तर द्यायला मात्र समोरच्याला मान वळवून स्क्रीनकडे पाहावं लागतं. एवढी मान वळली तरी अर्धं काम झालं असं मी समजतो.

आधी पैसा कोणता ते ठरवू. नोकरी गेली की अर्धी गल्ली सांगते, ‘सरकार बेकारी भत्ता देते, भर अर्ज.’ तसा सरसकट भत्ता आपल्याकडे नाही. रोजगार हमीत मजुराने काम मागितलं आणि 15 दिवसांत मिळालं नाही तर भत्ता आहे, पण हिंगण्याच्या कारखान्यातून सुटलेल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच्यासाठी प्रश्न एकच, ‘इएसआय कटत होती का?’ म्हणजे पगारातून राज्य कामगार विम्याचा वाटा कापला जात होता का. कटत असेल, म्हणजे पगार 21 हजारांच्या आत असेल, तर राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. 2018 च्या जुलैत ती सुरू झाली तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के मिळायचे. करोनाच्या वर्षी ते 50 टक्के झाले. जास्तीत जास्त 90 दिवसांचे पैसे मिळतात. योजना कायमची नाही, मुदतवाढीवर जगते. म्हणून अर्ज भरण्याआधी ती चालू आहे ना, हे विचारून घ्यावं. दुसरा पैसा पीएफचा. तो आपलाच असतो, त्यामुळे त्याला उशीर झाला की जास्त राग येतो.

वाट पाहण्यात नागपूरची ज्येष्ठता मोठी आहे, हे जाता जाता सांगून टाकतो. इथली एम्प्रेस कापड मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, आणि इएसआय योजना नागपुरात आली 1954 साली, जेव्हा हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. म्हणजे इथला कामगार एका राज्यात रांगेत उभा राहिला आणि दुसऱ्या राज्यात खिडकीपाशी पोचला.

आता रक्कम. इथे बहुतेकांचा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो आणि पुढे तीन महिने तो चुकीच्या आकड्याची वाट पाहत बसतो. शेवटच्या पगाराच्या निम्मे, असं नसतं. मागच्या चार अंशदान कालावधींची (अंशदान म्हणजे विम्याचा भरलेला वाटा; एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, असे सहा-सहा महिन्यांचे चार) सगळी कमाई बेरीज करायची आणि तिला 730 ने भागायचं. महिना 18 हजार आणि पूर्ण 24 महिने भरलेले असतील तर 4,32,000 भागिले 730, म्हणजे दिवसाचे 592 रुपयांच्या आसपास. त्याचे निम्मे 296. नव्वद दिवसांचे साधारण 26,600. पण मधले आठ महिने ठेकेदाराने तुमचं भरलंच नसेल, तर बेरीज 2,88,000 होते. भागायचे मात्र 730 नेच. हातात येतात 17,750 च्या आसपास. सातशे तीस हा आकडा कुणाचं ऐकत नाही.

रकमेआधी पात्रता येते. काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमाधारक असणं, लगतच्या अंशदान कालावधीत किमान 78 दिवसांचं अंशदान भरलेलं असणं, आणि त्याआधीच्या तीनपैकी कुठल्या तरी एका कालावधीत पुन्हा 78 दिवस. सहा महिन्यांत 78 म्हणजे महिन्याला 13. राबणाऱ्या माणसाला हे हसण्यावारी वाटतं. पण दिवस आपण मोजत नाही, कंपनी किंवा ठेकेदार इएसआयच्या पोर्टलवर भरतो. आणि काही ठेकेदारांच्या कॅलेंडरात महिना अकरा दिवसांचा असतो. दुसरी भानगड अशी की ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना विमा नंबर विचारत नाही, नवाच काढतो. मग तुमची दोन वर्षं दोन नंबरांत वाटली जातात. एका नंबरावर चौदा महिने, दुसऱ्यावर दहा, आणि पात्र कुणीच नाही. यावर इलाज नोकरीत असतानाच आहे: नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी जुना दहा आकडी नंबर सांगायचा, आणि सहा महिन्यांतून एकदा पोर्टलवर आपल्या नावापुढचे दिवस पाहायचे. हे मी तळमळीने सांगतो, आणि हे कुणी करत नाही याचीही मला खात्री आहे.

नोकरी सुटल्यावर पैशाचा पहिला मुक्काम कंपनीतच पडतो. तुम्ही सुटलात, हे तुम्हाला कळलं, बायकोला कळलं, किराणावाल्याला तर तुमच्याआधी कळलं. पण ते पोर्टलला कळवावं लागतं. महिन्याचं अंशदान भरताना शून्य दिवसांपुढे कारण निवडायचं असतं. रजेवर, नोकरी सोडली, निवृत्त, संप, कामगारकपात, असे पर्याय असतात. घाईतल्या अकाउंटंटने ‘रजेवर’ निवडलं की झालं. तुम्ही घरी पंख्याखाली घाम पुसत बसलात, आणि सरकारदरबारी तुम्ही सुट्टी घालवत आहात. म्हणून हिशेबाच्या दिवशी पेढे नसले तरी चालतील, पण दोन गोष्टी विचारूनच फाटकाबाहेर पडावं: इएसआयमध्ये कारण काय टाकलं, आणि पीएफमध्ये बाहेर पडल्याची तारीख टाकली का. पीएफची तारीख कंपनीने नाहीच टाकली, तर शेवटचं अंशदान जमा होऊन दोन महिने झाल्यावर यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरावर) लॉगिन करून आपली आपल्याला टाकता येते. एकदा टाकली की ती दुरुस्त करणं सोपं नसतं. तेव्हा चष्मा लावून टाकावी.

पण पैसा ज्या ठिकाणी हातपाय पसरून, गादी टाकून राहतो, ते ठिकाण म्हणजे आपलं नाव.

वैदर्भीय माणसाला किमान चार नावं असतात आणि ती चारही त्याचीच असतात. आधारवर ‘वानखडे’, पॅनवर ‘वानखेडे’. घरी विचारलं तर आजोबा म्हणतात, दोन्ही बरोबर. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाने तर जन्मतःच वकील करावा. इंग्रजीत त्याला शाळेच्या गुरुजींनी ‘डी-एन-वाय’ने लिहिलेलं असतं, आणि बँकेत हिंदीभाषक साहेबाने ‘जी-वाय’ने. संगणकाला हे दोन वेगळे इसम वाटतात, एकाचे पैसे दुसऱ्याला कसे द्यावेत? चौधरी मंडळींच्या स्पेलिंगांवर मी बोलत नाही, लेखाला शब्दमर्यादा आहे. त्यात आपण वडिलांना मान देणारी माणसं. आधारवर वडील ‘मारोतरावजी’, कंपनीत ‘मारोतराव’, पासबुकात नुसते ‘मारोती’. बापाला जेवढा मान दिला, तेवढा पोराचा पैसा लांबला. लग्न झालेल्या बाईचं तर माहेरचं नाव पीएफमध्ये, सासरचं आधारवर, आणि बँकेत दोन्हींच्या मधलं.

जन्मतारखेचंही तसंच. एका पिढीतली अर्धी माणसं 1 जूनला किंवा 1 जुलैला जन्मली, कारण तेव्हा शाळा सुरू व्हायची आणि गुरुजींना फार वेळ नव्हता. पुढे कुणी हौसेने आधारवर खरी तारीख टाकली. खरं बोलण्याची एवढी शिक्षा दुसऱ्या कुठल्या खात्यात नसेल.

यावर उपाय: आधार हा पाया धरायचा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे, उलटं करू नये. पीएफमध्ये ज्यांचा यूएएन ऑक्टोबर 2017 नंतर आधार पडताळून निघाला, त्यांना 2025 पासून बऱ्याच दुरुस्त्या कंपनीच्या मंजुरीशिवाय स्वतः करता येतात. त्याआधीच्यांना कंपनीची सही लागते. कंपनीच बंद पडली असेल तर सही देणारा माणूस शोधणं आलं, आणि बहुतेकदा तोही नोकरी शोधत असतो. एक चूक मात्र करू नका: दुरुस्ती चालू असताना पैशाचा अर्ज टाकू नका. अर्ज नामंजूर होतो, आणि नामंजुरीचं कारण इतक्या त्रोटक इंग्रजीत येतं की त्यावर गल्लीत परिसंवाद भरवावा लागतो.

अटल योजनेचा अर्ज पोर्टलवर ‘विमाधारक’ म्हणून लॉगिन करून भरायचा, तो काम सुटल्यावर 30 दिवसांनी. पूर्वी 90 दिवस थांबावं लागायचं आणि अर्ज कंपनीमार्फत जायचा, आता थेट इएसआयच्या शाखेत जातो. पुढच्या दिवसांचे पैसे आधी मागता येत नाहीत, आणि वर्ष उलटल्यावर तर काहीच मागता येत नाही. ‘ऑनलाइन भरून टाकलं’ म्हणून निवांत झालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आधार आणि पासबुक अपलोडच केलेलं नसतं. मग प्रिंट काढून, सही करून, झेरॉक्स जोडून शाखेत द्यावी लागते. देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. हा शिक्का नसेल तर पुढच्या खेपेला ‘तुमचा अर्जच नाही’ यावर आपल्याकडे बोलायला काही उरत नाही. मे महिन्यात जात असाल तर साडेदहाला खिडकीशी असावं. दुपारी एकनंतर नागपुरात रस्त्यावर फक्त ऊन असतं, आणि खिडकीपलीकडे डबा.

इथून पुढचा मुक्काम बँकेचा, आणि तो फसवा. कार्यालय म्हणतं ‘पाठवले’, पासबुक म्हणतं ‘नाही’. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, दिवसरात्र चालते, दर अर्ध्या तासाला एक फेरी, दिवसाला 48, रविवारीसुद्धा. म्हणजे खरा प्रवास अर्ध्या-एक तासाचा. खात्यात जमा होऊ शकले नाहीत तर दोन तासांत परत पाठवायचे असा नियम आहे. तेव्हा ‘चार दिवस झाले, येऊन राहिले असतील’ हे वाक्य इथे चालत नाही. चार दिवसांत नाही आले तर ते परत गेलेत. परत का गेले? बँक विलीन होऊन आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, बदललेला असतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 2025 च्या मे महिन्यात महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, त्याआधी देना, अलाहाबाद, सिंडिकेट अशा किती पाट्या उतरल्या. किंवा दोन वर्षं खात्यात व्यवहार नाही म्हणून ते झोपलेलं असतं. किंवा केवायसी न करता उघडलेलं छोटं खातं असतं, ज्यात 50 हजारांच्या वर शिल्लक राहू शकत नाही. पीएफचे 60 हजार त्यात मावायचे कसे? शाखेत जाऊन शंभर रुपये भरा आणि काढा, केवायसी करा, नवा कोड लिहून घ्या. आणि कार्यालयाकडून यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, मागा. यूटीआर हातात असला की बँकेतला माणूसही ‘होऊन जाईन’ म्हणत नाही.

एवढं करून गाडी हललीच नाही तर कागद वरच्या दारी न्यावा. इएसआयचा फोन 1800-11-2526. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर 21 दिवसांची मुदत आहे. पीएफचा दावा 20 दिवसांत निकाली काढायचा असतो. 1952 च्या योजनेतल्या परिच्छेद 72 मध्ये अशी तरतूद आहे की सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर 12 टक्के व्याज लावता येतं, आणि ते आयुक्तांच्या पगारातून कापता येतं. हा परिच्छेद अर्जात जरूर लिहावा, पण तोंडी सांगू नये. तोंडी सांगितला की चहाही मिळत नाही. शेवटी दहा रुपयांचा माहिती अधिकार. त्यात ‘उशीर का झाला’ असं लिहू नका, मत मागितलं म्हणून परत येतं. ‘माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होता, त्याची नोंद द्यावी’ असं लिहा. कुठं राहिले, हाच प्रश्न, फक्त सरकारी कपड्यांत.

दरम्यान घर चालवायचं असतं. हप्ता कापला जाण्याच्या तारखेआधी बँकेला लेखी कळवावं. हप्ता परत गेला की दंड दोन्हीकडून बसतो, कर्ज देणाऱ्याचा आणि खातं असलेल्या बँकेचा. भिशीचा नंबर पुढे घेता येतो का ते विचारावं. येणाऱ्या पैशाच्या भरवशावर तारीख ठरवून हातउसने घेऊ नयेत, आकडा ठरवून घ्यावेत. आणि कोपऱ्यावर तर्री पोहे खाताना कुणी विचारतंच, ‘काऊन भाऊ, काय करून राहिला सध्या?’ त्याला सगळं सांगू नये. त्याच्या साळ्याचे पैसे आठ दिवसांत आलेले असतात. प्रत्येकाच्या साळ्याचे आठ दिवसांतच येतात.

मग एका दुपारी मोबाइल वाजतो. खात्यात जमा. आकडा 730 ने भागलेलाच असतो, तरी बरा वाटतो. तेवढ्यात किराणावाला दारात दिसतो, तीन महिन्यांची वही काखेत.

‘भाऊ, आपले पैसे?’

‘येऊन राहिले.’