जोडकर्नलाची गरज संपली का?
जोडकर्नल म्हणजे लिनक्सच्या कर्नलसोबत (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासोबत) त्याच यंत्रावर चालणारा दुसरा छोटा कर्नल. प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला ठरल्या वेळेत प्रतिसाद द्यायला लावणारे बदल) २०२४ मध्ये लिनक्स ६.१२ च्या मुख्य शाखेत आल्याने जोडीला वेगळा कर्नल नको, हे जोडकर्नलांवरील लेखातील विधान मला घाईचे वाटते. आरटीलिनक्स या जोडकर्नल पद्धतीत अख्खा लिनक्स हाच छोट्या रिअल-टाइम (वेळेचे बंधन पाळणाऱ्या) कर्नलचा सर्वांत कमी प्राधान्याचा टास्क असे. लिनक्सने इंटरप्ट (हातचे काम थांबवून लक्ष वेधणारे हार्डवेअरचे संकेत) 'बंद' केले तरी केवळ सॉफ्टवेअरमधील एक खूण बदले आणि हार्डवेअरचा इंटरप्ट आधी छोट्या कर्नलकडेच जाई; म्हणजे लिनक्स त्याला अडवू शकत नसे. महासंगणकांसाठीच्या मॅककर्नल या जोडकर्नलमध्ये तर मुद्दाच निराळा आहे: गणनेचे कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणक) हलक्या कर्नलकडे ठेवून, लिनक्सच्या फुटकळ कामांचा व्यत्यय टाळून, फाइल उघडण्यासारखे सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या विनंत्या) लिनक्सवरील प्रतिनिधी प्रोसेसकडे सोपवले जातात. खरी डोकेदुखी (लेखात ती निसटली आहे) देखभालीची आहे, कारण लिनक्सचा अंतर्गत भाग बदलला की ही जोडणी पुन्हा बसवावी लागते.