भावाबद्दल सगळं सांगितलं, देवाबद्दल काहीच नाही

धाकटा भाऊ जाऊन चार वर्षं झाली. तो गेला आणि पाच-सहा महिन्यांत माझी झोप उडाली, साध्या साध्या गोष्टी विसरायला लागले, माणसं नकोशी झाली. मग थेरपी सुरू केली. हे इथे पूर्वी लिहिलं आहे. जे लिहिलं नव्हतं ते आज लिहिते, कारण गेल्या महिन्यात दोन मैत्रिणींनी वेगवेगळ्या वेळी मला एकच प्रश्न विचारला : "थेरपिस्टला श्रद्धेबद्दल सांगायचं का गं? वेड्यात तर काढणार नाहीत ना?"

सांगायचं. आणि ज्यांना सांगायची सोय नाही ते थेरपिस्ट बदलायचे. माझं मत एवढंच आहे, पण इथवर यायला मला दीड वर्ष लागलं.

मी रोज पहाटे जपाला बसते. वीस वर्षांची सवय. भाऊ गेल्यानंतर जप करताना कधीकधी तो शेजारी येऊन बसलाय असं जाणवायचं. दिसायचा नाही, बोलायचा नाही. पण आपली पाठ असली तरी खोलीत कोणी आलं की कळतं ना, तसं कळायचं. आणि त्याच आसनावर, तोंडात नाम असताना, देवाचा असा संताप यायचा की हात थरथरायचे. माझ्या दुःखाच्या अगदी गाभ्यातल्या या दोन गोष्टी. नेमक्या त्याच मी लपवल्या.

पहिल्या थेरपिस्टकडे पहिल्याच दिवशी जपाचा विषय निघाला होता. "छान, रिलॅक्स वाटत असेल ना त्यानं?" असं म्हणून त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण माझ्यासाठी जप म्हणजे कोणाला तरी मारलेली हाक, आणि त्यांच्या वहीत तो श्वासाच्या व्यायामाशेजारी जाऊन बसला. जपाची ही गत, तर भाऊ येऊन बसतो म्हटल्यावर त्या काय लिहितील? मग मी झोपेबद्दल बोलले, ऑफिसबद्दल बोलले, नातेवाइकांबद्दल बोलले. कितीतरी महिने त्या खुर्चीत देव वगळून उरलेली मी बसत होते. बरं वाटायला लागलं होतं, नाही असं नाही. पण जिथे दुखत होतं तिथे हातच लागत नव्हता.

तेव्हा मला कोणी डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरांचं काम सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांशी ते बोलले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचा वावर जाणवला होता, काहींना आवाज ऐकू आला होता, काहींना ते माणूस दिसलंही होतं. बहुतेकांनी हे आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. आणि बहुतेकांना त्याचा आधारच वाटला होता. हे १९७१ साली प्रसिद्ध झालंय. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून माणसं हेच अनुभवत होती आणि हेच लपवत होती.

आपल्याला वाटणारी भीती अगदीच निराधार नाही. मानसोपचारांचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडनं १९२७ मध्ये धर्माला भ्रम म्हटलं होतं, आणि त्याची सावली या व्यवसायावर बराच काळ राहिली. पण काळ तिथेच थांबलेला नाही. मानसिक विकारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तिकेत, डीएसएममध्ये, १९९४ साली 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' असा वेगळा मथळा आला. त्यात श्रद्धा डळमळणं किंवा हरवणं यासारख्या गोष्टी येतात, आणि महत्त्वाचं म्हणजे हा मथळा विकारांच्या यादीत नाही. हा आजार नाही, पण यासाठी मदत मागता येते, असा त्याचा अर्थ. जागतिक मानसोपचार संघटनेनं २०१६ मध्ये तर स्पष्ट भूमिका घेतली : रुग्णाच्या श्रद्धेची विचारपूस ही नेहमीच्या विचारपुशीचाच भाग असावी, आणि आपल्या पदाचा वापर करून डॉक्टरांनी कोणाला श्रद्धेकडेही ओढू नये आणि श्रद्धेपासून तोडूही नये. हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. कारण यातलं दुसरं टोक मी नंतर पाहिलं.

पहिल्या थेरपिस्टना सोडल्यावर मला वाटलं, आपल्याच वाटेवरचं माणूस गाठावं. गाठलं. हे गृहस्थ स्वतः साधना करणारे, सगळे शब्द ओळखीचे, काही समजावून सांगायची गरज नाही. पहिली दोन सेशन्स माहेरी आल्यासारखी गेली. तिसऱ्या वेळी मी धीर करून म्हटलं, मला देवाचा राग येतो. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "त्यांचं प्रारब्ध तेवढंच होतं. तुम्ही नाम वाढवा, राग आपोआप जाईल."

मी नाम वाढवलं. राग गेला नाही. उलट राग येतो म्हणजे आपली भक्तीच खोटी, हा नवा काटा रुतला. त्यांना माझ्यापेक्षा माझ्या श्रद्धेची जास्त काळजी होती, असं मला आज वाटतं. आणि ही चूक साधी नाही. श्रद्धा माणसाला तारते तशी मोडूही शकते, यावर केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर काम केलं आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी वृद्धांचा दोन वर्षं पाठपुरावा केला, तो अभ्यास २००१ मध्ये आला. देवानं आपल्याला टाकलंय, त्याचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं वाटत राहिलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. इतकं हे आतलं भांडण जिवावर बेतू शकतं. ते 'नाम वाढवा' म्हणून मिटत नाही.

तिसऱ्या थेरपिस्टना फोन केला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, माझी देवावर श्रद्धा आहे आणि मला त्याबद्दल बोलायचंय. त्या म्हणाल्या, "मी देव मानत नाही, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. पण तुम्ही मानता त्याचा अर्थ मला तुमच्याकडून समजून घ्यावा लागेल. मी विचारत राहिले तर चालेल ना?"

चालेल म्हटलं. मनात म्हटलं, बघू.

चौथ्या की पाचव्या सेशनला मी भावाच्या येण्याबद्दल बोलले. त्यांनी ना मान हलवली, ना भुवया उंचावल्या. थोडं थांबून विचारलं, "तो येऊन बसतो तेव्हा किती वर्षांचा असतो?"

हा विचार मी कधीच केला नव्हता. आणि उत्तर तोंडातून आपसूक निघालं : आठ. गेला तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता, मुलाबाळांचा बाप होता. माझ्याशेजारी येऊन बसायचा तो आठ वर्षांचा, ज्याचा हात माझ्या हातात देऊन आई म्हणायची, "सोडू नकोस हं." मी मोठी झाले तेव्हा तो हात मी देवाच्या हातात दिला होता. इतकी वर्षं रोज जपाच्या शेवटी मी एकच मागायचे, त्याच्यावर लक्ष असू दे. देवानं ते लक्ष ठेवलं नाही, राग याचा होता. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी तो गेला त्या दिवशीही रडले नव्हते.

देव मानणाऱ्या माणसाला जे विचारावंसं वाटलं नाही ते न मानणाऱ्या बाईंनी विचारलं. याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. नंतर कळलं की ते तितकं नवलाचं नाही. १९९२ च्या एका अभ्यासात नैराश्य आलेल्या श्रद्धाळू लोकांना त्यांच्याच श्रद्धेच्या भाषेत थेरपी दिली गेली. ती देणाऱ्यांत जे स्वतः धार्मिक नव्हते, त्यांच्याकडेही लोकांना चांगलाच गुण आला.

समजून घेणं म्हणजे हो ला हो करणं नव्हे, हेही सांगायला हवं. याच बाईंनी एकदा मला विचारलं, "जप एक तासाचा तीन तास झाला, तेव्हापासून घरात कोणाशी बोलता तुम्ही?" मला झोंबलं. पण खरं होतं. रडणाऱ्या भावजयीचा फोन येऊ नये म्हणून मी माळ हातात धरून बसत होते. साधनेच्या आडोशाला जाऊन दुःख टाळण्याच्या या सवयीला जॉन वेलवुड या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकातच नाव दिलं होतं. बाईंनी ते नाव काढलं नाही. नुसता प्रश्न विचारला आणि उत्तर माझ्यावर सोडलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पहिल्या फोनवरच विचारा. "माझ्या श्रद्धेबद्दल बोलले तर तुम्ही त्याकडे कसं बघाल?" उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं ते ऐका. घाई दिसली, किंवा लगेच स्वतःच्या गुरूंची महती सुरू झाली, तर दुसरा नंबर लावा. शिक्षण आणि परवाना विचारायला संकोच करू नका. शब्द आध्यात्मिक असले म्हणून कोणी थेरपिस्ट होत नाही. जो थेरपिस्ट डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही.

आणि एक गोष्ट श्रद्धा बाजूला न ठेवताच ऐका. आवाज हुकूम सोडायला लागले, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागले, दिवसेंदिवस झोप नाही तरी अंगात वारं भरल्यासारखं वाटतंय, तर अनुभव दैवी की कसा याचा निवाडा करत बसू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ध्यान करणाऱ्यांनाही भीती, निद्रानाश, आपण आपल्यात नसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात, आणि त्यांच्या नोंदी अभ्यासकांनी केलेल्या आहेत. ते सांगण्यात साधनेचा अपमान नाही.

माझा राग अजून आहे. फक्त आता नामाखाली दाबत नाही. आला की माळ मांडीवर ठेवते, जे म्हणायचं ते मोठ्यानं म्हणते, आणि मग थांबले होते त्याच मण्यापासून पुढे जाते. भाऊ हल्ली क्वचित येतो. मागच्या आठवड्यात आला होता. या वेळी अडतीस वर्षांचा होता.