एका बैठकीत

गजानन महाराजांच्या प्रगटदिनाला ‘गजानन विजय’ पोथीचं एकासनी पारायण करीन, असं मी सोयाबीन सोंगता सोंगता बोलून बसलो होतो. एकवीस अध्याय, एक बैठक. मधे उठायचं नाही, पोथीबाहेरचा शब्द तोंडातून काढायचा नाही. माझ्या वेगानं आठ तास. शेतातली थ्री फेज लाईनही आठच तास राहते. हे दोन्ही आठ तास एकाच दिवशी गाठतील, हे मात्र नवस बोलताना ध्यानात आलं नाही.

बैठक देवापुढं, म्हणजे कापसाच्या गंजीला टेकून. भाव चढेल म्हणून दिवाळीपासून कापूस घरातच. ज्याच्या घरात कापूस भरलेला असतो त्यालाच ठाऊक, त्याची खाज काय चीज असते. पहिल्या अध्यायात महाराज शेगावात उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचतात. 23 फेब्रुवारी 1878. चित्त तिथं पाहिजे, तर ते माझ्या डाव्या पोटरीवर. पुढं मधमाश्या महाराजांच्या अंगावर बसतात आणि ते हलत नाहीत. मी एका हातानं पान धरून दुसऱ्यानं खाजवत ते वाचलं.

पण तो अध्याय यायच्या आधीच घोळ झाला होता. पाचव्यात आकोलीचा भास्कर पाटील येतो. भर उन्हात महाराज त्याला पाणी मागतात, तर तो वरून त्यांनाच सुनावतो: धडधाकट आहेस, काम कर. नेमकी तीच ओवी तोंडात असताना सौभाग्यवती दारात.

“अजी, लाईन आली! मोटर कोन चालू करीन?”

“हूं.”

“हूं काय? गव्हाले पानी महाराज देतीन का?”

पुढच्याच ओव्यांत महाराज बारा वर्षं कोरड्या असलेल्या विहिरीला पाणी आणतात. मी त्या ओळीवर बोट ठेवून तिला दाखवलं. तिनं पोथीला हात जोडले, माझ्याकडं पाहिलंही नाही, आणि खराटा आपटून वावराकडं निघून गेली.

माझी माय कापूस वेचता वेचता ‘गण गण गणात बोते’ म्हणायची. आसन नाही, मौन नाही, कमरेला ओटी. तिला कधी कोणी अडवल्याचं आठवत नाही. आसन मांडावं लागते ते आम्हा माणसांनाच. असो.

बारावा अध्याय चालू असताना खेडा खरेदीवाला आला. गंजीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस ओढून उजेडात धरला.

“पाटील, माल पिवळा पडला. भावात काहीतरी कमी करा लागीन. बोला, किती?”

बोलायचं तर नव्हतं. दोन तास थांब, अशा अर्थानं मी दोन बोटं वर केली.

“दोनशे? झालं! देवापुढचा शब्द आहे, पाटील.”

मी मान हलवली. नाही-नाही अशी. पण वाचताना माझी मान तशीही डोलतच असते. मग मी ओव्याच मोठ्यानं म्हणायला लागलो, त्याला कळावं म्हणून. त्यानं चप्पल काढून नमस्कार केला आणि माणसांना आवाज दिला. काटा लागला, बोरे भरू लागले. चौदाव्या अध्यायाला पाठीमागची गंजी सरकली, सतराव्याला टेकायला काही उरलंच नाही. खरं सांगतो, शेवटचे चार अध्याय अगदी एकाग्रतेनं झाले. खाज थांबली होती.

अकरा क्विंटल. गुणाकार मी एकविसाव्या अध्यायानंतर केला.

ती पाणी देऊन आली तेव्हा पायांना घोट्यापर्यंत चिखल. रिकाम्या कोपऱ्याकडं पाहिलं, उंबऱ्यावर ठेवलेल्या नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या. बोलली काहीच नाही. न्हाऊन पिठलं, भाकरी आणि अंबाडीची भाजी केली, फोटोपुढं नैवेद्य ठेवला. आरती होईपर्यंत माझं मौन होतं, त्यामुळं भाकरी किती वाढू असं तिनं नजरेनंच विचारलं.

सकाळपासून उपाशी होतो. मी दोन बोटं वर केली.

“दोन कमी?” म्हणाली, आणि ताटातल्या दोन्ही भाकरी उचलून टोपल्यात ठेवल्या.