जुनी गाडी अंगणात जिरवण्याची रीत

गाडी आता धड चालत नाही हे कळायला मेकॅनिक लागत नाही. चढावर दुसऱ्या गिअरला दम टाकते, सायलेन्सर शेजारच्या वाडीला जाग आणतो आणि ब्रेक दाबला की पाय फळीपर्यंत जातो. अशा गाडीला विकणं, रीतसर मोडीत काढणं किंवा दुरुस्त करणं हे तीन मार्ग आहेत. तिन्हींत अर्ज आले, सह्या आल्या आणि मुख्य म्हणजे निर्णय आला. म्हणून कोकणात चौथा मार्ग रूढ आहे. गाडी अंगणाच्या कडेला लावायची आणि कोणी विचारलं तर "रवांदे (राहू दे), बघूया" म्हणायचं. बाकीचं काम हवा करते. मात्र यात हयगय नको. निष्काळजीपणे लावलेली गाडी वर्षानुवर्षं टिकते आणि मग एखादा पुतण्या ती चालूही करतो.

जागा निवडताना समुद्रावरचा वारा थेट लागेल अशी निवडा. मालवण, गुहागर, वेंगुर्ल्याला किनाऱ्यालगत घर असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. पत्र्यावर बसलेलं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. म्हणजे आभाळ निरभ्र असलं तरी पत्रा खारट पाण्यात भिजत राहतो, आणि किनाऱ्यावर ७५ टक्क्यांसाठी मृगाची वाट पाहावी लागत नाही, रात्र पुरते. उघड्यावरच्या गाडीची अडचण अशी की पाऊस तिच्यावरचं मीठ धुऊन नेतो. त्यावर उपाय ताडपत्री. चारी बाजूंनी दोरीने करकचून आवळा, खालून वारा खेळायला फट ठेवू नका. जमिनीतली ओल आत कोंडते आणि बाहेर पडत नाही. वाऱ्यावर फडफडून ताडपत्री छपराचा आणि बॉनेटच्या कडांचा रंग घासते, ते बोनस. सिमेंटच्या कोब्यावर गाडी लावू नका, खाली गवत हवं. गवत कापायचंही नाही.

माडाखाली लावली तर समोरची काच एका नारळात निकालात निघते, पण नारळाचा भरवसा नसतो. आंब्याखाली लावणं अधिक खात्रीचं. पानं आणि गळलेला मोहोर वायपरखालच्या जाळीत साचतो, तिथली पाणी जायची वाट तुंबते आणि पावसाचं पाणी ब्लोअरच्या वाटेने आत पायांपाशी उतरतं. कार्पेटखालचा जाड नमदा ते पाणी महिनोन् महिने धरून ठेवतो आणि फ्लोअर वरून, म्हणजे आतल्या बाजूने, सडायला लागतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजलेली असतील तर कोरून काढण्याचा मोह आवरा. बाहेरून रंग शाबूत आणि आतून पत्र्याचा पापड, ही अवस्था दोन-चार पावसाळ्यांत येते.

हँडब्रेक गच्च ओढून ठेवा. ओलाव्यात मागच्या चाकांचे ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात, मग गाडी ढकलायला माणसं आली तरी मागची चाकं घासत जातात. हँडब्रेक सोडून, पहिला गिअर टाकून, चाकाला पुढून-मागून चिरा लावणारे लोक आहेत. त्यांच्या गाड्या नंतर हलतात. ब्रेक ऑइलला हात लावू नका. ते हवेतली ओल शोषतं, दर दोनेक वर्षांनी बदलायचं असतं, आणि न बदललं की चाकातले छोटे सिलिंडर आतून गंजून पिस्टन जाम होतात. टायरमध्ये हवा भरायची नाही. एकाच जागी बसलेला मऊ टायर तळाशी चपटा होतो. तो नवा आहे असं वाटत असेल तर बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असेल तर तो २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही खोल असली तरी रबर कधीच म्हातारं झालेलं असतं.

बॅटरीची केबल काढू नका. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, टेप मिळून ३०-४० मिलिअँपिअर करंट खातात. दिवसाला तो एक अँपिअर-अवरच्या आतबाहेर होतो, म्हणजे लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड महिन्यात पूर्ण उतरते. उतरलेली तशीच पडली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्जर लावूनही ती उठत नाही.

काही घरांत यावर उतारा म्हणून पंधरा दिवसांनी गाडी पाच मिनिटं चालू करतात. ही प्रथा जरूर सुरू ठेवा, तिच्याइतकं गुणकारी काही नाही. स्टार्टरने ओढलेला करंट पाच मिनिटं इंजिन जागच्या जागी चालवून भरून येत नाही, म्हणून बॅटरी दर वेळी थोडी अधिक उतरते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर पळाली तर सायलेन्सर तापून ती वाफ बाहेर पडते, पण पाच मिनिटांत ती आतच थंड होते आणि सायलेन्सर आतून गंजतो. तीच ओल ऑइलमध्येही उतरते. ऑइल फिलरचं झाकण उघडल्यावर दह्याच्या रंगाचा चिकट थर दिसला तर समजा, काम मार्गी लागलं आहे.

टाकी अर्धी ठेवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओलसर हवा ये-जा करते, पाणी पुरेसं झालं की इथेनॉल त्याला घेऊन वेगळं होतं आणि तळाशी बसतं. पंप नेमका तळातून खेचतो. जुन्या गाडीचे रबरी होज या पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, चिरतात. डिकीत आंब्याच्या पेटीतला पेंढा आणि भाताची रिकामी पोती ठेवली की उंदीर येतात, वायरिंग कुरतडतात, आणि उंदरांमागे धामण येते. त्यानंतर बॉनेट उघडायला कोणी तयार होत नाही, हा मोठाच फायदा.

एवढं झाल्यावर दुरुस्तीचा विचार करावा, आधी नाही. खर्चाचा क्रम महत्त्वाचा आहे: प्रथम सीट कव्हर, मग टेप, मग नवी बॅटरी, मग चार टायर, आणि सगळ्यात शेवटी गाडी जॅकवर घेऊन खाली पाहणं. उलटं करणारे लोक हात आखडतात. ते आधी दाराखालची पट्टी आणि जॅक लावायची जागा स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहतात, आणि तो आरपार गेला तर तिथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. वेल्डरला पॅच मारायला सांगा. पॅचच्या कडेला वेल्ड धरायला जाड पत्रा उरलेला नसला की आर्क नवी भोकं पाडत जातो, मग त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, काळा अंडरकोट मारा. ओल लांबीमागे सुखाने राहते.

कागदांकडे वळू. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून ती वाढवावी लागते. कारला शुल्क ५,००० रुपये, २० वर्षांपुढे १०,०००, उशीर झाला तर महिन्याला ५०० वेगळे. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबराची, पाटी. यांपैकी एक गोष्ट करून बाकीच्या सोडा. सगळ्या सोडल्या तर मोडीत काढायचं सुचतं. विमा मात्र पूर्ण रकमेचा चालू ठेवा. जागची न हलणारी गाडी अपघातात सापडली तर? गाडी काढून टाकली तर नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दलची हप्त्यातली सूट, जपून ठेवायचं पत्र विमा कंपनी देते आणि ते नव्या गाडीला ३ वर्षांपर्यंत चालतं, पण ते मागावं लागतं.

आरसी बुकावर वडिलांचं नाव आहे ना? उत्तम. सातबाऱ्यावर आजोबा, गाडीवर वडील. मालक गेल्यावर ३० दिवसांत कळवायचं, ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडायची, असा नियम आहे. एक भाऊ डोंबिवलीला, एक पुण्याला, आणि पडवीच्या वाट्यावरून दोघांचं बोलणं बंद असेल, तर नियमाला तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. त्यात गाडी कर्जावर घेतलेली असली तर दुधात साखर. कर्ज केव्हाच फिटलं, पण आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं ते कोणी नेऊन दिलं नाही, आणि दरम्यान ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. आता आधी शाखा शोधा.

विकायचीच असेल तर ओळखीच्या माणसाला विका. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करा, घेणाऱ्याचं नाव, तारीख रिकामी सोडा, गाडी दिल्याची वेळ आणि त्याची पोच लिहून घेऊ नका. ओळखीतल्या माणसाकडे पोच मागणं बरं दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदवहीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक, मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो. त्यामुळे तुमचा गाडीशी संबंध तुटत नाही. दंडाची चलनं तुमच्या मोबाइलवर येत राहतात, आणि गाडी गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याच्या दारूचे बॉक्स घेऊन सापडली तर पहिला फोनही तुम्हालाच येतो. घेणारा चिकित्सक असेल, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून आत चिखलाची रेघ आहे का पाहत असेल, तर त्याला टाळा. चिपळूणचा २०२१ चा पूर लक्षात ठेवणारी माणसं भाव पाडतात.

सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राकडे जाण्याचं तर मनातही आणू नका. सप्टेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे ते चोरीची आणि कर्जाची नोंद तपासतात, गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र देतात, आधी ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, बॅटरी काढून घेतात आणि नोंदणी रद्द झाल्याचं ऑनलाइन दिसतं. त्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राने केली आहे. धोरण मांडताना मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली होती. यात बोलायला काही उरत नाही, म्हणून हा मार्ग रुक्ष आहे.

त्यापेक्षा वाडीत फिरणारा भंगारवाला बरा. त्याच्याशी घासाघीस करता येते. तो गाडीकडे पाहून मान हलवेल आणि बॅटरी व सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, आधी मागेल. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असतात हे त्याला माहीत असतं, तुम्ही विचारू नका. उरलेलं वजनावर. मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपास भरते, त्यातून काच, सीट, टायर, प्लास्टिक "कचरा" म्हणून वजा होतात, आणि गंजाने जे आधीच गळून अंगणात पडलं ते कोणीच मोजत नाही. गॅस कटर लावायच्या आधी तो इंजिनातलं तीनेक लिटर काळं ऑइल तिथेच सोडेल. सोडू द्या. अंगणाखालचा जांभा दगड सच्छिद्र असतो, पहिल्या पावसात ते खाली जातं आणि विहीर उताराच्या बाजूला असली तर लांब जात नाही.

गाडी निकामी झाल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी परत करायची, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. चौदा दिवसांत आपल्याकडे पत्रिकाही छापून होत नाही.

इतकं थांबल्यावर गाडी उचलायची वेळ येतेच, बहुधा लग्नाचा मांडव घालायचा असतो तेव्हा. टो करायला हूकला दोर बांधाल तर हूक पत्र्यासकट हातात येईल. जॅक लावाल तर जॅक आत जाईल आणि गाडी जागेवर राहील. म्हणून जेसीबी बोलवा. तो तासावर असतो, येण्याजाण्याचे वेगळे, आणि बिल भंगाराच्या पैशांपुढे जातं. बकेट लावण्याआधी चासी नंबर कुठे आहे ते पाहून ठेवा: काही गाड्यांत इंजिनामागच्या पत्र्याच्या पडद्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखाली, म्हणजे नेमका त्या ओल्या नमद्यापाशी. नोंदणी रद्द करताना तेवढा तुकडा कापून दाखवायला लागतो. अक्षरं गंजात बुडालेली असतील तर ग्राइंडर लावून चकचकीत करा. घासलेला नंबर तपासणाऱ्याला खोडलेला दिसतो, आणि मग गाडी गेली कुठे हे कोणी विचारत नाही, आली कुठून हे विचारतात.