‘पोट भरलेल्यांचे चोचले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यातल्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं की घर, नोकरी, आजारपण यांच्या रगाड्यातसुद्धा दिवसातला अर्धा तास आपल्या जिवाभावाच्या गोष्टीसाठी राखून ठेवावा, शक्यतो पहाटेचा. सोबत आपल्या बेळगावच्या कवयित्री इंदिरा संतांबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका वाचकाने लिहिलंय : “ओ मॅडम, हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले. फौंड्रीत बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला स्वप्न नको, झोप पाहिजे. पगार वाढवून मागायचा सोडून अर्धा तास गाणं म्हणा म्हणून सांगताय. आणि मोठ्या लोकांची उदाहरणं देऊ नका.” त्याखाली बऱ्याच जणांनी अंगठे दिलेत, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

दादा, आधी एक मान्य करते. पहाटेचा अर्धा तास हे रात्रपाळीवाल्याला लागू पडत नाही. तो तर पहाटे घरी येतो. तेवढी ओळ बदलते.

पण ‘ओ मॅडम’ कशाला? इथे मला सगळे ताई म्हणतात. तुमचं म्हणणं पटलं नाही, असं सरळ लिहिलं असतं तरी मी तेवढ्याच मनापासून वाचलं असतं. आपल्या भागात अनोळखी बाईशी वाद घालतानाही माणसं आधी ‘अक्का’ म्हणतात, मग भांडतात. तुम्ही पहिल्या शब्दालाच मला वरच्या माडीवर नेऊन बसवलंत, आणि मग खालून दगड मारलात.

कुणाचं पोट भरलेलं होतं, हे आता ऐकाच.

मी बेळगावातल्या वडगावची. वडिलांचे घरातच माग होते. स्वयंपाकघर आणि माग यांच्यामध्ये भिंतसुद्धा अर्धीच. शाळेतून आलं की कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला बसायचं, हा नेम होता. गाण्याच्या क्लासचं नाव काढलं तेव्हा आई म्हणाली, “शिक की, कोण नको म्हणतंय? पण आधी कांड्या भर.” तिचंही बरोबर होतं. कांड्या नसल्या तर माग उभे, आणि माग उभे राहिले तर शनिवारी हातात पैसे नाहीत.

मग मी काय केलं? कांड्या भरायच्या मशीनचा घूं आवाज एका पट्टीत चालतो. आमच्या मशीनचा पेटीच्या काळी चार पट्टीच्या आसपास लागायचा. तोच षड्ज, म्हणजे सा, धरून मी सरगम म्हणायचे, ओठ मिटून, कारण तोंड उघडलं की सुताची धूळ घशात. वीज कमी-जास्त झाली की मशीनचा सूर हलायचा आणि त्याच्याबरोबर माझाही. बाईंनी क्लासमध्ये विचारलं, “तू मध्येच खाली का येतेस?” मी काय सांगणार? प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, या गांधर्व मंडळाच्या परीक्षा मी अशा रियाजावर दिल्या. फीचे पैसे आई पदराच्या गाठीतून काढून द्यायची, तेही कधी सगळे एकदम नाही. याला चोचले म्हणतात का?

लग्न होऊन येळ्ळूरला आले आणि गाणं बंद पडलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलं लहान, शेतात भातलावणी. 2019 च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी पसरलं तेव्हा इकडे आमचं भात गेलं आणि तिकडे माहेरी मागाच्या खड्ड्यात पाणी भरलं. ते सावरतंय तोवर 2020 चं लॉकडाऊन. माग बंद, साड्या घरात पडून. विशारद या पुढच्या परीक्षेच्या तयारीला मी त्याच दिवसांत परत बसले, सासूबाईंच्या उशाशी, मोबाईलवर तानपुरा अगदी बारीक लावून. दिवसभर कोण जेवलं, कोणाचं औषध चुकलं, कोणाचे पैसे द्यायचेत, एवढंच डोक्यात असायचं. तो अर्धा तास नसता तर मी चिडचिडी होऊन सगळ्यांच्या अंगावर गेले असते. झोपेची किंमत मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही.

मोठ्यांची उदाहरणं नकोत म्हणता. इंदिराबाई आज मोठ्या वाटतात. 1946 साली पती ना. मा. संत गेले, तेव्हा पदरात तीन लहान मुलं होती. मुलांना वाढवायचं आणि पोटासाठी शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवायचं, असं सगळं याच बेळगावात चाललं होतं. ‘शेला’ हा कवितासंग्रह आला 1951 मध्ये. ‘गर्भरेशीम’ या संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 1984 साली. मधली सगळी वर्षं त्या कविता लिहीत राहिल्या, कोणी मोठं म्हणेल म्हणून नव्हे. तुम्हाला शेवटचं वर्ष दिसतं. मला 1946 दिसतं, आणि त्याच वर्षासाठी मी ते नाव घेतलं होतं.

राहिला पगाराचा प्रश्न. तो तुम्ही मागा, जरूर मागा, त्यात मी कुठे आडवी आले? तो लेख त्यावर नव्हताच. माझ्या लेखात पगार मागू नका असं एक अक्षर सापडलं तर दाखवा. जे मी लिहिलंच नाही, त्यासाठी मला चार लोकांत बोल लावायचा, ही कुठली रीत?

आणि एक विचारते. तुमच्या प्रोफाइलवर भजनी मंडळातला पखवाज वाजवतानाचा फोटो आहे. एकादशीचा दिसतो. बारा तास उभं राहून आल्यावर तुम्हीही त्या रात्री झोपला नाहीत. तिथे तुम्हाला कोणी चोचले म्हणालं असतं तर गप्प बसला असतात काय?

प्रतिक्रिया काढून टाका असं दोघी-तिघींनी कळवलंय. काढणार नाही, राहू दे तशीच. फक्त यापुढे इथे लिहिताना लेख शेवटपर्यंत वाचून लिहा. आणि मॅडम म्हणू नका.