‘स्टॉकफिश मुनीम, लीला कलावंत’ : फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी

इंदुरात मुलांना बुद्धिबळ शिकवणाऱ्या मराठी घरांतून सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतो आहे. रामबागेतून निघालेला सुदामानगरला पोचतो आणि दोन दिवसांनी परत रामबागेत येतो. स्टॉकफिश आणि लीला ही बुद्धिबळाची इंजिनं, म्हणजे चाली शोधून पोझिशन जोखणारे संगणक प्रोग्राम; डेप्थ म्हणजे किती चाली पुढपर्यंत पाहिलं आणि आकडा म्हणजे कोण किती वरचढ याचा हिशेब. मजकूर साधारण असा: ‘स्टॉकफिश मुनीम आहे, मोहरी मोजतं, त्याला बलिदान कळत नाही. लीला कलावंत आहे, हल्ल्याची पोझिशन तिलाच दाखवा. दोघांचं पटलं नाही तर ज्याची डेप्थ जास्त आणि आकडा मोठा, त्याचं खरं. आणि दोघांनीही चाल चूक ठरवली, तर तो हल्ला फुसका.’

मुनिमाची गोष्ट कधीकाळी थोडी खरी होती. १९९८ साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोवविरुद्ध ग्रँडमास्टर शिरोवने ४७व्या चालीला उंट एच३ वर नेऊन फुकट दिला, तेव्हाच्या इंजिनांना ती चाल दिसत नव्हती. पण सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून त्यात न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य पोझिशन्सवरून शिकून पट जोखणारी यंत्रणा, आहे. २०२४ च्या आवृत्ती १६.१ मध्ये तर माणसांनी हाताने लिहिलेलं जुनं मूल्यमापन काढूनच टाकलं. गंमत म्हणजे २०२१ च्या स्टॉकफिश १४ चं नेटवर्क लीलाने मूल्यमापन केलेल्या अब्जावधी पोझिशन्सवर तयार झालं होतं. म्हणजे मुनीम कलावंताकडेच शिकून आलाय, भिया!

खरा घोळ दुसऱ्या वाक्यात आहे, कारण तिथे गोष्ट नेमकी उलटी आहे. राजा उघडा पडलाय, एकामागून एक शह बसताहेत, एकच चाल जिंकते आणि बाकीच्या सगळ्या हरतात, अशा ठिकाणी स्टॉकफिश सहसा आधी पोचतं. ते सेकंदाला लाखो पोझिशन्स बघतं. लीलाची घडण अल्फाझीरो या गूगलच्या डीपमाइंडने बनवलेल्या इंजिनाच्या धर्तीवरची आहे. २०१७ च्या त्या गाजलेल्या सामन्यात अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ८० हजार पोझिशन्स बघत होतं आणि समोरचं स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. लीला आधी अंदाज बांधते की कुठली चाल बघण्यासारखी आहे, आणि वेळ तिथेच खर्च करते. अंदाज बरोबर असला की चित्र सुंदर उभं राहतं. पण जिंकणारी चाल विचित्र दिसणारी असेल, वजीर सरळ प्याद्याच्या तोंडी देणारी असेल, तर पहिल्या अंदाजातच ती मागे पडते आणि पुढे तिच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही. लीलाचं बळ वेगळीकडे आहे: प्यादं देऊन मिळालेला दबाव, जो वीस चालींनी फळतो, तात्काळ मात नसलेला हल्ला. शिवाय ग्राफिक्स कार्डाशिवाय, साध्या फोनवर लीला चालवून ‘तिला दिसलं नाही’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

डेप्थचं म्हणाल तर दोघांचे आकडे एका मापाचे नाहीतच. स्टॉकफिश ‘२०’ दाखवतं तेव्हा प्रत्येक फांदी २० चाली खोल पाहिलेली नसते. काही पुष्कळ पुढे गेलेल्या असतात, यादीत खाली असलेल्या चाली आधीच छाटलेल्या असतात. शांत दिसणारं बलिदान बहुधा त्या छाटलेल्यांतच असतं, म्हणून ते पुढच्या डेप्थला अचानक उगवतं. आणि आकडा? आवृत्ती १५.१ पासून स्टॉकफिशचं +१.०० म्हणजे प्याद्याची किंमत नव्हे. दोन्ही बाजूंना इंजिन खेळत असेल तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ. लीला मुळात विजय-बरोबरी-पराभवाच्या शक्यता काढते आणि त्यांचं सूत्राने प्याद्यांत रूपांतर करून दाखवते. +१.८ आणि +१.२ ची कुस्ती लावण्यात काय मतलब?

आता शेवटचं वाक्य, ज्याने मला खरा राग येतो. १९६० च्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात तेव्हाचा विश्वविजेता बॉटविनिक आणि आव्हानवीर ताल समोरासमोर होते; सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या तालने २१व्या चालीला घोडा एफ४ वर देऊन टाकला. प्रेक्षकांत एवढी खळबळ माजली की खेळाडूंना आतल्या खोलीत हलवावं लागलं. २५व्या चालीला बॉटविनिकने हत्तीने वजीर मारला आणि डाव गमावला. त्याऐवजी उंटाने एफ३ वरचं प्यादं मारलं असतं तर पांढऱ्याचं पारडं जड होतं. आजचं इंजिन हे क्षणात सांगतं. पण ते सांगतं समोरून एकही चूक न होणाऱ्या बचावाबद्दल. घड्याळ चालू असताना बॉटविनिकसारख्यालाही तो सापडला नाही.

म्हणून तुलना करायचीच असेल तर दोन्ही इंजिनं चांगल्या कार्डाच्या एकाच संगणकावर, सारखा वेळ देऊन, तीन-तीन चाली दाखवायला लावून चालवा. मग बलिदान पटावर प्रत्यक्ष खेळा आणि बचावाची चाल मुलाला शोधू द्या. नेदरलँड्समधल्या वाइक आन झेच्या स्पर्धेतला १९९९ चा कास्पारोव-टोपालोव डाव घ्या. २४व्या चालीला कास्पारोवने हत्तीने डी४ वरचं प्यादं मारलं आणि टोपालोवने तो हत्ती घेतला. राजा बी६ वर नेला असता तर काळा तरला असता. ही चाल मुलाला किती वेळात दिसते ते बघा, इंजिन तोवर बंद ठेवा.